काडतुसाच्या पुंगळीचे पुनराकारण : वंगणाच्या निवडीचे निकष

अमेरिकेत अनेक नेमबाज काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरतात. गोळी झाडताना वायूच्या दाबाने फुगलेली पुंगळी प्रथम पोलादी साच्यात दाबून पूर्ववत केली जाते. वंगण अपुरे पडल्यास ती साच्यात अडकते. अतिरिक्त वंगण खांद्यापाशी साचल्यास तेथे खळगे पडतात. पातळ तेल दाबाखाली पृष्ठभागांमधून निसटते. लोकरीपासून मिळणाऱ्या लॅनोलिनचा थर मात्र टिकून राहतो. तथापि आकार दिल्यानंतर वंगण पूर्णपणे काढणे अत्यावश्यक असते. ते राहिल्यास झाडतेवेळी पुंगळीची नळीच्या भिंतीवरील पकड सैल होऊन बोल्टवरील भार वाढतो. साच्यात उपकारक असलेला गुणच बंदुकीत अपायकारक ठरतो. म्हणूनच दाबाखाली टिकणे आणि नंतर सहज निघणे, हे दोन्ही निकष सारखेच महत्त्वाचे होत.