विश्लेषण : पत्रिका जुळली, पण ताटाचे काय? चिनी ‘यी’, वारल्यांची कणसरी आणि जव्हार-मोखाड्यातील संसार

लग्न ठरवताना पत्रिका पाहिली जाते, नोकरी पाहिली जाते, घर-जमीन पाहिली जाते. त्या घरात सून कधी जेवते आणि तिच्या ताटात काय उरते, हे मात्र कुणी विचारत नाही. एका प्राचीन चिनी भविष्यग्रंथात पोषणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि आज जगभर अनेक जण ते प्रेमाला, लग्नाला लावून पाहतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत पोषण आणि लग्न यांचे नाते फार जुने आहे, आणि तिथे तो प्रश्न जिवाशी येऊन थांबतो. ते नाते काय आहे, याविषयी...

‘ई चिंग’ म्हणजे काय?

‘ई चिंग’ म्हणजे ‘बदलांचा ग्रंथ’. त्याचा मूळ गाभा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, चीनमधील चौ राजवटीच्या काळातला मानला जातो. त्यात ६४ आकृत्या आहेत. प्रत्येक आकृती एकावर एक अशा सहा रेषांची असते. रेषा अखंड असते किंवा मधून तुटलेली. प्रश्न मनात धरून ५० काड्यांची विभागणी करायची किंवा तीन नाणी सहा वेळा टाकायची, त्यातून एक आकृती तयार होते आणि तिचा मजकूर वाचायचा, अशी ही पद्धत. रिचर्ड विल्हेल्म यांचे जर्मन भाषांतर १९२४ मध्ये आले. १९५० मध्ये ते इंग्रजीत गेले आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्यानंतर हा ग्रंथ पाश्चात्त्य जगात घरोघरी पोहोचला.

आपल्याकडच्या पत्रिकेपेक्षा त्याची रीत वेगळी आहे. ‘अमुक साली अमुक घडेल’ असे तो सहसा सांगत नाही. परिस्थिती अशी आहे, तेव्हा वागणे कसे असावे, एवढेच सुचवतो.

पोषणाचे प्रकरण काय सांगते?

सत्ताविसाव्या आकृतीचे नाव ‘यी’. त्याचा अर्थ जबडा, आणि त्यावरून पोषण. वरची आणि खालची रेषा अखंड, मधल्या चार तुटलेल्या. पाहताक्षणी उघडे तोंड आणि त्यातले दात दिसावेत अशीच ती रचना. वरच्या तीन रेषा म्हणजे डोंगर, खालच्या तीन म्हणजे मेघगर्जना. घास चावताना वरचा जबडा स्थिर असतो आणि खालचा हलतो, हेही त्यातून सुचवलेले आहे.

या आकृतीचा उपदेश थोडक्यात असा : माणूस कुणाला पोसतो ते पाहा आणि स्वतःचे तोंड कशाने भरतो तेही पाहा. त्यावरील जुन्या भाष्यात आणखी एक सल्ला आहे. शहाण्याने बोलताना जपून बोलावे आणि खाण्यापिण्यात मर्यादा ठेवावी. शब्द तोंडातून बाहेर जातो, अन्न आत येते. दोन्हींवर लक्ष हवे. पहिल्याच रेषेत एक इशाराही आहे. स्वतःजवळचे दैवी कासव सोडून जो दुसऱ्याच्या घासाकडे तोंड वासून बघत बसतो, त्याचे भले होत नाही.

प्रेम आणि लग्नाला ते कसे लावतात?

या आकृतीचा अर्थ लावणारे जोडप्यांना साधारण तीन प्रश्न विचारायला सांगतात. या नात्यात दोघांचेही पोषण होते आहे का? की एक जण देत राहतो आणि दुसरा घेत राहतो? आणि घरात जे बोलले जाते, त्याने माणूस फुलतो की वाळतो?

मराठी माणसाला हे परके वाटू नये. नवरी उंबरठ्यावरचे तांदळाचे माप ओलांडूनच घरात येते. तिची ओटी तांदूळ-नारळाने भरली जाते. पंगतीत उखाणा घेऊन नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात. वेगळा संसार थाटणे याला आपण ‘वेगळी चूल मांडणे’ म्हणतो. लग्नाच्या दिवशी भरवलेला घास पुढे रोजच्या जेवणात दिसतो का, एवढेच हा चिनी ग्रंथ विचारतो आहे.

जव्हार-मोखाड्यात लग्न आणि धान्य यांचे नाते काय?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात हे दोन तालुके आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी हे इथले प्रमुख समाज. भात, नागली, वरई, उडीद ही मुख्य पिके. शेती जवळजवळ सगळी पावसावर.

वारल्यांमध्ये धान्य हीच देवी आहे. तिचे नाव कणसरी. भगत तिची कथा गातो. घरात दुखणे आले, अडचण आली की भगत तांदळाचे दाणे पाहून कारण शोधतो. चीनमध्ये काड्या आणि नाणी, इथे दाणे.

वारली लग्नात तर तांदूळ भिंतीवर येतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. चौकाच्या मधोमध पालघट ही सुफलतेची देवी असते. विधी चालवते ती धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. जगभर पोहोचलेल्या वारली चित्रकलेची मुळे या चौकात आहेत. या समाजात हुंड्याऐवजी मुलाकडून मुलीच्या घरी ‘देज’ देण्याची रीत आहे. विधवेला पुन्हा लग्न करता येते. खर्च झेपत नसेल तर जोडपे आधी संसार मांडते आणि विधी काही वर्षांनी, कधी कधी मुले झाल्यावर करते.

मग लग्नातून भूक कशी आली?

धान्याला देवी मानणाऱ्या या समाजावर लग्नामुळेच गुलामीची वेळ आली होती. लग्नाचा खर्च, देज आणि पाड्याला जेवण यासाठी वारली तरुण सावकाराकडून कर्ज घेई. ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघे सावकाराच्या शेतावर आणि घरी राबत. अशा वेठबिगाराला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज लग्नाचे, पण फेडता फेडता आयुष्य सरत असे. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी उठाव केला, त्यात लग्नगडी आणि वेठ बंद करण्याची मागणी अग्रभागी होती. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत लिहिली. पुस्तक १९७० मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देशात वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ मध्ये.

चिनी ग्रंथातील प्रश्न इथे लावला तर उत्तर लख्ख दिसते. लग्नामुळे पोसले जात होते ते सावकाराचे घर.

आज परिस्थिती किती बदलली?

लग्नगडी गेला, पण उचल राहिली. भाताची कापणी-झोडणी आटोपली की दिवाळीनंतर दोन्ही तालुक्यांतील अनेक पाडे रिकामे होतात. कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा, कल्याण परिसरात वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. अनेकांनी आधीच आगाऊ रक्कम घेतलेली असते. आजारपण, पावसाळ्यातली खाण्याची नड किंवा लग्न ही उचलीची नेहमीची कारणे. वीटभट्टीवर बहुधा नवरा-बायको जोडीने काम करतात. त्यामुळे मुलाचे लग्न लवकर झाले तर कामाला आणखी दोन हात मिळतात, असा हिशेब गरीब घरात होतो. सोबत नेता येत नाही आणि एकटी मागे ठेवता येत नाही, म्हणून मुलीचेही लग्न उरकले जाते.

कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. त्याच सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हे दोन आकडे संपूर्ण राज्याचे असले, तरी ते एकत्र आले की काय होते ते जव्हारने १९९२ मध्ये पाहिले. तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी तेव्हा देश हादरला होता. पुढे १९९५ मध्ये राज्यात नवसंजीवन योजना सुरू झाली. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंमुळे तोच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

लग्नाच्या वयाचा बाळाच्या वजनाशी काय संबंध?

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे शरीर अजून वाढत असते. गरोदरपणात तिच्या वाढीला आणि पोटातल्या बाळाच्या वाढीला एकाच ताटातले अन्न लागते. ताट आधीच अपुरे असेल तर दोघांनाही कमी पडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. घरात सगळ्यांचे झाल्यावर जेवणाऱ्या सुनेला त्या मिळतीलच असे नाही.

जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेले बाळ कमी वजनाचे मानले जाते. असे बाळ आजाराला लवकर बळी पडते. वाचले, पण पुढेही पोषण मिळाले नाही, तर त्याची वाढ खुंटते. ते बाळ मुलगी असेल आणि तिचेही लग्न लवकर झाले, तर तीच गोष्ट पुढच्या पिढीत नव्याने सुरू होते. म्हणूनच कुपोषण हा बालकाचा आजार वाटत असला, तरी त्याची सुरुवात आईच्या लग्नाच्या बैठकीत झालेली असते.

सरकारी ताट कुठे अडते?

आदिवासी भागासाठी राज्याने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक वेळचा चौरस, गरम आहार आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी, असे तिचे स्वरूप. कोरडा शिधा घरी गेला की तो सगळ्या घरात वाटला जातो. अंगणवाडीत बसून खाल्लेला घास मात्र त्या बाईच्याच पोटात जातो. योजनेचे बळ यातच आहे.

पण ताट गावात आणि गरोदर बाई भिवंडीच्या भट्टीवर असेल, तर ते तिच्यापर्यंत पोहोचणार कसे? स्थलांतरित मातेला ती जिथे असेल तिथल्या अंगणवाडीने सामावून घेणे हा त्यावरचा उपाय. त्यासाठी तिची नोंद गावातून निघतानाच पुढे कळवावी लागते. दुसरी अडचण वयाची. मुलगी अठराच्या आतली असेल तर गुन्हा दाखल होईल या भीतीने घरचे नोंदणी लांबवतात. ज्या मातेला सर्वांत जास्त देखभाल हवी, तीच त्यामुळे दवाखान्यात उशिरा येते. कायदा हवाच. पण मुलीला दवाखान्यात येण्याचा धाक वाटणार नाही, याचीही व्यवस्था हवी.

घरच्या घरी काय पाहता येईल?

यातले बरेच काही गावात आणि दवाखान्यात आधीच आहे. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पावसाळ्यात शेवळा, टाकळा, कुरडू, कवळा, करटोली अशा रानभाज्या मिळतात. उडीद घरचा असतो. प्रश्न आहे तो वाटणीचा. सून सर्वांबरोबर जेवायला बसली, तर त्यासाठी कोणती योजना लागत नाही.

लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी करता येते. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन किमान १२, गरोदर स्त्रीचे किमान ११ असावे. आदिवासी भागात सिकलसेलची तपासणीही महत्त्वाची. वर आणि वधू दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत त्यासाठी कार्डही दिले जाते. सोयरीक जुळवताना पत्रिकेशेजारी ते ठेवायला काहीच हरकत नाही.

भविष्यग्रंथाचा उपयोग किती?

नाणी टाकून लग्न टिकेल की नाही ते कळत नाही. तांदळाच्या दाण्यांवरून बाळाच्या तापाचे कारण कळत नाही. त्यासाठी दवाखानाच गाठावा लागतो. पण जुन्या परंपरांनी विचारलेले काही प्रश्न कामाचे असतात. ‘यी’चा प्रश्न त्यातला आहे. कोण कुणाला पोसते आणि कोणाचे तोंड कशाने भरते, हे कोणत्याही घरात दोन वेळच्या जेवणात दिसून येते.

जव्हार-मोखाड्यात होळीला स्थलांतरित कुटुंबे गावी परततात आणि पुढे लग्नसराई सुरू होते. भिंतीवर चौक लिहिला जातो, मधोमध पालघट बसते, धवलेरी गाऊ लागते. ज्या तांदळाने तो चौक लिहिला, तोच तांदूळ पुढे नव्या नवरीच्या ताटात पुरेसा आणि वेळेवर पडला, तर त्या संसाराचे निम्मे भविष्य तिथेच ठरते.