पारा ४४, तरी लाट नाही?

दुपारचा पेपर, सेंटर नागपुरात. कामठीहून अंतर जेमतेम सोळा किलोमीटर. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, बॅगेत बाटली, आणि निघताना आईनं खिशात कोंबलेला कांदा. सेंटरवर पोचेपर्यंत बाटलीतल्या पाण्यात चहापत्ती तेवढी टाकायची बाकी असते. उन्हाळी परीक्षा खरंच उन्हाळी असते, बाप्पा!

मे २०२४ आठवतोय? नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि आपण दिवसभर मीम्स फॉरवर्ड केले. नंतर हवामान विभागानं सांगितलं, सेन्सरच बिघडला होता. पण आपल्याला आडवं करायला ५६ कशाला लागतात?

हवामान विभागाचा हिशेब असा. मैदानी भागात पारा ४०च्या पुढे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, की उष्णतेची लाट. नाहीतर सरळ ४५ गाठले, की लाट. आता मे महिन्यात आपली सरासरीच ४२-४३च्या घरात! म्हणजे ४४ला आपण भाजून निघतो, पण कागदावर लाट नाही.

अहमदाबादनं सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. मे २०१० मध्ये तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. मग किती तापमानाला मृत्यू वाढतात ते तपासलं गेलं आणि २०१३ मध्ये देशातला पहिला हीट ॲक्शन प्लॅन आला. त्यात पिवळा इशारा ४१च्या पुढेच सुरू होतो.

नागपूर महापालिकेचा प्लॅन २०१६चा. सरकारी दवाखान्यांत कोल्ड वॉर्ड, दुपारी उघड्या बागा, चौकांत हिरव्या नेट. भर दुपारी सिग्नल बंद ठेवायची आयडिया तर मला सगळ्यात भारी वाटते. खर्च जवळपास काहीच नाही, आणि गाडीवाल्याला तापलेल्या डांबरावर उभं राहावं लागत नाही.

पण महापालिकेची हद्द संपली, की हे सगळं विरळ होत जातं. कामठी म्हणजे नगर परिषद आणि शेजारी छावणी. छावणीत निदान मोठी झाडं आहेत. गावातल्या दाट वस्तीत टिनाची छपरं. त्याखाली बसून बायका विड्या वळतात. पंखा जोरात लावला तर सुपातला तंबाखू उडतो, म्हणून तोही बंद. ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हा सल्ला यांनी ऐकला तरी काय फरक पडणार? अहमदाबादेत गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवली, आतला ताप थोडा कमी व्हावा म्हणून. हे काम आपल्या एनएसएसच्या पोरापोरींनाही जमण्यासारखं आहे. रंग कोण देणार, हे तेवढं नगर परिषदेला विचारावं लागेल.

आणि उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात, मग आमचे पेपर का नाही?

त्या दिवशी पेपर सुटला तेव्हा मोबाइल ४३ दाखवत होता. स्टॉपवर शेड नव्हतं. एका खांबाच्या सावलीत आम्ही सातजण ओळीनं उभे होतो, एकामागं एक.