ठेवींचे विमाकवच आणि मेक्सिकोचे कर्ज

ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने कर्जाचे हप्ते फेडता येत नसल्याचे जाहीर केले आणि न्यूयॉर्कच्या बड्या बँकांना घाम फुटला. लॅटिन अमेरिकेला दिलेली त्यांची कर्जे स्वतःच्या भांडवलापेक्षाही जास्त होती.

तरीही ठेवी काढायला रांगा लागल्या नाहीत. अमेरिकेत 1933 पासून सरकारी ठेव विमा आहे. 1980 मध्ये त्याची मर्यादा 40 हजारांवरून 1 लाख डॉलर झाली. पैसे सुरक्षित असल्यावर बँक कर्ज कोणाला देते, हे ठेवीदार कशाला पाहील? जोखीम वाढली तरी बँकेला ठेवी स्वस्तातच मिळतात.

मोठ्या बँकांच्या परदेशी शाखांतील ठेवींना मात्र हा विमा नव्हता. पण 1984 मध्ये कॉन्टिनेंटल इलिनॉय ही मोठी बँक डबघाईला आली, तेव्हा सरकारने मर्यादेपलीकडच्या ठेवींचीही हमी घेतली.

या आधारामुळे बँकांना वेळ मिळाला. कर्जदार देशांना जुन्या कर्जाचे व्याज भरता यावे म्हणून बँका त्यांना नवे कर्ज देत राहिल्या. तोटा वह्यांत दिसला नाही. यांपैकीच एक असलेल्या सिटीकॉर्पने बुडीत कर्जांसाठी 3 अब्ज डॉलरची तरतूद केली ती थेट 1987 मध्ये. कर्जाची मुद्दल प्रत्यक्ष कमी करणारी ब्रेडी योजना 1989 मध्ये आली.