दहा दिवसांत दहा किलो? आधी हिशेब तर करा!

धाकट्या दिराचे लग्न दोन महिन्यांवर आलेले. शालू आणून झाला, पण मागच्या वर्षी शिवलेले ब्लाऊज अंगात जाता जात नाही. त्यातच चुलत सासूबाई हसत हसत म्हणून जातात, ''काय गं सूनबाई, अंगाने चांगलीच सुटलीस की!'' सगळे हसतात. तीही हसते. पण रात्री सारी निजानीज झाल्यावर ती मोबाइल हातात घेते. समोर जाहिरात असते. एका बाजूला स्थूल बाई, दुसऱ्या बाजूला तीच बाई सडपातळ. 'दहा दिवसांत दहा किलो वजन कमी. डाएट नको, व्यायाम नको. सवलत फक्त आज रात्रीपर्यंत!' ती नाव, वय, वजन आणि फोन नंबर भरते. पाचच मिनिटांत गोड आवाजात फोन येतो, ''मॅडम, मी तुमची आहार सल्लागार बोलतेय.''

पार्सल घरी येते. पावडर सुरू होते. पहिल्या आठवड्यात पोट सारखे बिघडते, काटा दोन किलोने खाली येतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जागच्या जागी. तक्रार केली तर उत्तर मिळते, ''तुमची चरबी फार जुनी आहे मॅडम, दुसरा कोर्स घ्यावा लागेल.'' दुसरा कोर्सही होतो. मग पैसे परत मागितले की नंबर लागत नाही. रिकामा डबा पिठाच्या डब्यामागे लपवला जातो. घरात सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

हे दृश्य काल्पनिक असले तरी अनोळखी नाही. थोड्याफार फरकाने ते अनेक घरांत घडते आणि त्यात फक्त बायकाच फसतात असेही नाही. सुटलेल्या पोटाने हैराण झालेले पुरुष आणि कॉलेजातली मुलेमुलीही या जाळ्यात सापडतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर होते. म्हणजे गिऱ्हाइकांची कमतरता नाही. पण या धंद्याचे खरे भांडवल पावडर नव्हे. ते आहे आपली घाई आणि आपली लाज. घाईने आपण विकत घेतो आणि लाजेने गप्प बसतो.

वहीवर मांडा हिशेब

जाहिरात खरी की खोटी हे ओळखायला डॉक्टर असावे लागत नाही. साधा गुणाकार पुरतो. शरीरातील एक किलो चरबी जाळायची तर सुमारे ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. दहा किलोसाठी ७७,००० कॅलरी. दहा दिवसांत वाटल्या तर रोजच्या ७,७००. आता घरकाम करणाऱ्या मध्यम बांध्याच्या स्त्रीचे शरीर दिवसभरात खर्च करते साधारण २,००० कॅलरी. म्हणजे तिने दहा दिवस अन्नाचा कणही पोटात घेतला नाही, तरी या हिशेबाने अडीच-पावणेतीन किलोंपेक्षा अधिक चरबी जळू शकत नाही. मग पोटभर जेवून दहा किलो कसे जातील?

तरीही काटा खाली येतो, तो का? काही पावडरींत आणि चहांत सोनामुखीसारखे जुलाब आणणारे घटक असतात, काहींत लघवी वाढवणारे. शरीरातील पाणी निघून जाते आणि वजन उतरल्यासारखे वाटते. पाणी प्यायले, खाणे पूर्ववत झाले की ते परत येते. चरबी होती तिथेच असते. उलट वारंवार जुलाब झाल्याने शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडून अशक्तपणा येतो, चक्कर येते आणि हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो.

'आयुर्वेदिक' डब्यात लपलेले औषध

पैसे गेले तर परत मिळवता येतील. जीवाचे तसे नाही. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध एके काळी डॉक्टरही लिहून देत. त्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो असे दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत आणि २०११ मध्ये भारतात ते बंद झाले. पण 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या गोळ्यांत हेच औषध लपवलेले असल्याचे इशारे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन त्यानंतरही वारंवार देत आले आहे. डब्यावर त्याचे नाव नसते. घेणाऱ्याला रक्तदाब असेल, दुसरी औषधे चालू असतील, तर तो नकळत आगीशी खेळत असतो.

याहून भयंकर उदाहरण डायनायट्रोफिनॉलचे. हे औद्योगिक रसायन १९३० च्या दशकात वजन घटवण्यासाठी वापरले गेले. माणसे दगावू लागली आणि १९३८ मध्ये अमेरिकेने त्याला मनाई केली. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनमधील २१ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने इंटरनेटवरून त्याच्या गोळ्या मागवल्या आणि त्यात तिचा जीव गेला.

सोळा माणसांचा 'शोध'

''पण मॅडम, यावर संशोधन झाले आहे,'' असे फोनवरची सल्लागार सांगते. अशाच एका संशोधनाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०१२ मध्ये हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या अर्काने २२ आठवड्यांत सुमारे आठ किलो वजन उतरते, असा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोग झाला होता आपल्याच देशात आणि तोही अवघ्या सोळा माणसांवर. अमेरिकेतील एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात या अर्काची वाहवा झाली आणि इंटरनेटवर जाहिरातींचा पूर आला.

पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. वजनाचे आकडे वारंवार बदलले होते, प्रयोगाचा कालावधी बदलला होता, खरा अर्क कोणाला दिला आणि नुसती साधी गोळी कोणाला, याचाही घोळ होता, असा त्याचा आरोप होता. शिवाय त्या माणसांना कमी खाण्यास आणि अधिक चालण्या-फिरण्यास सांगितले होते! सप्टेंबर २०१४ मध्ये या प्रयोगामागील कंपनीने ३५ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले आणि त्यानंतर शोधनिबंधही मागे घेण्यात आला. 'ग्रीन कॉफी'च्या पुड्या मात्र आजही विकल्या जातातच.

दुसरे उदाहरण आपल्या कोकमाच्या बहिणीचे. केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, म्हणजेच गार्सिनिया कंबोजिया. तिच्या गोळ्यांचा बराच गाजावाजा झाला. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे तिच्या अर्काचा प्रयोग झाला. सर्वांना सारखाच कमी कॅलरींचा आहार दिला होता. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले आणि नुसती साधी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. थोडक्यात, वजन उतरवले ते आहाराने. आमटीत कोकम अवश्य घाला, त्याच्या बहिणीच्या गोळ्यांवर मात्र पैसे उधळू नका.

पैसे कसे लुबाडले जातात?

औषध निरुपयोगी, एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही. वजनाच्या निमित्ताने तुमचा फोन नंबर, पत्ता आणि अडचण ठगाच्या हाती लागलेली असते. मग नाना युक्त्या सुरू होतात.

'फक्त ९९ रुपयांत नमुना' म्हणून कार्डाचा तपशील घेतला जातो आणि तुमच्या नकळत दरमहा पैसे कापण्याची संमतीही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत असे वर्गणीचे सापळे आणि 'फक्त दहा मिनिटे उरली' अशी खोटी घाई हे दोन्ही प्रकार आहेत.

कधी नामांकित डॉक्टरांचा किंवा नटीचा चेहरा आणि आवाज संगणकावर बनवून व्हिडिओ दाखवला जातो. तेव्हा डोळ्यांवरही विश्वास ठेवू नका.

कधी 'पैसे परत करतो' म्हणून फोन येतो आणि ओटीपी किंवा यूपीआयचा पिन मागितला जातो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

अलीकडे वजनासाठी इंजेक्शने आली आहेत. त्यांतील काही खरोखर उपयोगी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालीच घ्यायची असतात. म्हणूनच त्यांच्याही नकला निघाल्या. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडविषयी जगभर इशारा दिला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर 'निम्म्या किमतीत' मिळणारे इंजेक्शन चुकूनही टोचून घेऊ नका.

घेण्यापूर्वी एवढे पाहा

* आहार व व्यायाम न बदलता वजन उतरेल, सर्वांचेच उतरेल, कायमचे उतरेल, किंवा पट्टा बांधून आणि तेल चोळून उतरेल, असा दावा दिसला की जाहिरात तिथेच बंद करा.

* डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते पाहा आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो कोणाच्या नावाचा आहे हेही तपासा. मात्र परवाना म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे.

* पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. जे औषध नाही असे डबाच सांगतो, ते स्थूलपणा बरा कसा करणार?

* आणि ते औषध आहे असे म्हटले, तर १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत स्थूलपणाचा समावेश आहे. म्हणजे औषधाने स्थूलपणा बरा करण्याची जाहिरात करणे हाच गुन्हा! विक्रेता कोणत्याही बाजूने बोलला तरी खोटाच ठरतो.

* विक्रेत्याचा पूर्ण पत्ता नसेल, फक्त मोबाइल नंबर असेल, तर व्यवहार करू नका.

फसवणूक झालीच तर?

प्रथम गोळ्या किंवा पावडर घेणे थांबवा. छातीत धडधड, चक्कर, कावीळ किंवा सतत जुलाब होत असतील तर डबा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. डबा, वेष्टन, पावती, जाहिरातीचे आणि संदेशांचे फोटो जपून ठेवा. हाच तुमचा पुरावा.

खात्यातून पैसे लांबवले गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता अधिक. वस्तू निकृष्ट निघाली, पैसे परत मिळत नाहीत, अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि अशा जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही तो होऊ शकतो. पण त्यासाठी कोणीतरी तक्रार करायला हवी. 'दीड हजारांसाठी कोण मागे लागणार?' असे हजार जण म्हणतात, तेव्हा ठगाचे पंधरा लाख होतात.

वजन मग उतरवायचे कसे?

हळूहळू. आठवड्याला अर्धा किलो ही चांगली गती आहे. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १६० कॅलरी. बाकी काही न बदलता नुसती ही साखर सोडली, तरी हिशेबाने महिन्याकाठी अर्ध्या किलोहून थोडी अधिक चरबी कमी होते. त्याला रोजचे अर्धा-पाऊण तास झपझप चालणे, ताटात भाजी-उसळ वाढवणे आणि तळण कमी करणे याची जोड द्या. अचानक वजन वाढले असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्या. काही औषधांनी आणि स्त्रियांच्या अंडाशयाच्या विकारानेही वजन वाढते. त्यावर उपाय डॉक्टरांकडेच आहे.

शेवटी एक गोष्ट घरातल्यांसाठी. चारचौघांत केलेली थट्टा आपण विसरतो, पण जिची थट्टा झाली ती विसरत नाही. रात्री मोबाइलवर ती जाहिरात उघडण्यामागे बऱ्याचदा दिवसा ऐकलेले असे एखादे वाक्य असते. तेव्हा सूनबाईला टोमणा मारण्याऐवजी सासूबाईंनी म्हणावे, ''चल, संध्याकाळी दोघी फिरायला जाऊ.'' आणि पिठाच्या डब्यामागे एखादा डबा सापडलाच, तर रागावू नका. तो टेबलावर ठेवा, दोघी शेजारी बसा आणि १९१५ हा नंबर फिरवा.