मुंजा, हडळ, समंध : मराठी भुतांच्या जगातही जात, लग्न आणि मालमत्ता का असते?

२०२४ मध्ये आलेला ‘मुंज्या’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल. कोकणातलं गाव, पिंपळाचं झाड आणि लग्नाचा हट्ट धरून बसलेलं एक पोर. पण सिनेमातलं हे भूत लेखकाने बसून रचलेलं नाही. त्याचे नियम आपल्या पणजी-आजीच्या काळापासून ठरलेले आहेत. तो कोण, कुठं राहतो, काय मागतो, हे सगळं आधीच ठरलेलं.

तसा तो एकटाही नाही. मराठी माणसाने भुतांचा अख्खा समाजच तयार करून ठेवलाय. त्यात राजा आहे, प्रजा आहे, सावकार आहे, सवाष्ण आहे, विधवा आहे.

राजा म्हणजे वेताळ. अमावास्येच्या रात्री मशाली पेटवून त्याची पालखी निघते, असा समज. त्याच्या ठाण्यावर बऱ्याच ठिकाणी मधे एक मोठा दगड आणि भोवती लहान दगडांचं रिंगण दिसतं. ते लहान दगड म्हणजे त्याचं सैन्य. गोव्यात याच बेताळाच्या दगडी मूर्ती आहेत आणि तिथं तो चक्क ग्रामदैवत आहे. पुण्याची वेताळ टेकडी तर सगळ्यांना माहीत आहेच.

आता प्रजेकडे या. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा. राहतो पिंपळावर. ब्राह्मण पैशाच्या लोभात जीव अडकून मेला, तर ब्रह्मसमंध, पुरलेलं धन राखत बसणारा. विद्येचा गर्व नडला तर ब्रह्मराक्षस. खवीस हे मुसलमान माणसाचं भूत मानलं जायचं. त्याच्या नावाचं मूळही अरबीतल्या ‘खबीस’ म्हणजे वाईट, घाणेरडा या शब्दात आहे.

बायकांची भुतं मात्र वेगळ्या हिशेबाने विभागली आहेत. नवरा जिवंत असताना गेलेली सवाष्ण ती जखीण. विधवा गेली तर लावसट. बाळंतपणात गेली तर अळवंतीण किंवा हडळ, पाय उलटे, केस मोकळे.

नीट बघा, पुरुष मेल्यावर कोणतं भूत होणार हे जात आणि धर्म यांवरून ठरतं. बाई मेल्यावर कोणतं भूत होणार हे तिचा नवरा जिवंत होता की नाही आणि ती बाळंत होत होती की नाही, यावरून. जिवंतपणी समाज जे प्रश्न विचारायचा, तेच मेल्यावरही विचारले गेले.

ही नावं आज आपल्याला एकत्र सापडतात ती शब्दकोश आणि जुन्या नोंदींमुळे. १८३१ च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात भुतांच्या नावांना चांगली जागा मिळाली आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, तो लोकसमजुतींची टिपणं जमवत असे. ती पुढं एंथोव्हेनने छापली आणि १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकसाहित्यावर मोठं पुस्तक काढलं.

भूत की देव?

एवढी वर्गवारी कशासाठी? एक धागा सगळीकडे सापडतो, तो म्हणजे अर्धवट राहिलेलं आयुष्य. मुंजाचं लग्न राहिलं, अळवंतिणीचं मूल राहिलं, समंधाचं धन राहिलं. जुन्या काळी बाळंतपणात बाई जाणं आणि पोरं लहानपणीच दगावणं ही घरोघरची गोष्ट होती. त्या दुःखाला नाव, पत्ता आणि नैवेद्य देण्याची ही पद्धत होती, असं मला वाटतं. पिंपळाखाली दहीभात ठेवणाऱ्या आईला तेवढं तरी करता येत होतं.

म्हणूनच मराठवाड्यात आलं की मुंजा बदलतो. इथं तो घाबरवणारा कमी आणि राखणदार जास्त. शेताच्या बांधावर झाडाखाली शेंदूर फासलेला दगड असतो, त्याला नारळ फुटतो, घरात काही शुभ असलं की त्याचा मान आधी. परभणी, हिंगोली, नांदेडकडं मुलाचं नाव ‘मुंजाजी’ ठेवतात. भुताचं नाव कोण आपल्या पोराला ठेवेल?

साती आसरांचंही तसंच. ‘आसरा’ म्हणजे मूळच्या अप्सरा. नदीच्या डोहाशी, विहिरीच्या काठावर सात दगड मांडलेले असतात, त्यांना हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, खण. डोहात कुणी बुडालं की आसरांनी ओढलं म्हणायचं. पोहता न येणाऱ्या पोरांना पाण्यापासून लांब ठेवायला ही गोष्ट नक्कीच उपयोगी पडली असणार.

आणि चकवा? रात्री रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, तो चकवा. यावर २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आल्यावर किंवा चंद्र मावळल्यावर ते वळत गेले, काही तर गोल फिरून आपल्याच वाटेवर आले. दिशा दाखवणारी खूण नसली की माणूस वळत जातो आणि त्याला वाटतं आपण सरळच चाललोय. आपल्याकडं याला आधीच एक नाव होतं, एवढंच.

भानामती : इथं गंमत संपते

नायगाव, बिलोली, देगलूर हा नांदेड जिल्ह्याचा पट्टा तेलंगणाला लागून आहे. लातूरकडून बिदर जवळ. सगळा जुन्या हैदराबाद संस्थानाचा मुलूख. या भागात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांमध्ये एक शब्द सापडतो : भानामती किंवा बाणामती.

घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अंगावर फुल्या उमटतात, बायका कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. यातल्या फुल्यांचं उत्तर सोपं आहे. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात आणि डाग राहतो. भुंकण्याचं उत्तर अवघड आहे. घरात जिला बोलायची सोय नाही, तिचा ताण शरीरातून असा बाहेर पडतो, असं मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. आणि अंगात आलेल्या बाईचं ऐकलं जातं, हेही खरं. एरवी तिचं कोण ऐकतं?

पण मुंजा आणि भानामतीत एक मोठा फरक आहे. मुंजाचा दोष कुणावर येत नाही. भानामती ‘कुणीतरी केलेली’ असते. मग तो कुणीतरी शोधला जातो. बहुतेक वेळा ती एकटी राहणारी म्हातारी, विधवा किंवा ज्यांच्याशी बांधावरून भांडण आहे ते शेजारी असतात. मारहाण होते, गाव सोडावं लागतं, कधी जीवही जातो.

याच प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अध्यादेशाखालच्या राज्यातल्या पहिल्या अटका झाल्या त्या सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडात. कॅन्सर, एड्स चमत्काराने बरे करतो, अशा जाहिराती देणारे दोघं होते.

कायद्यात काय आहे? भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा. अमुक बाई करणी करते असं सांगून तिचं जगणं अवघड करणं गुन्हा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं गुन्हा. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना कायदा हात लावत नाही, त्यामुळे बांधावरच्या मुंजाला नारळ फोडणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. तक्रार करायची तर थेट पोलीस ठाण्यात जाता येतं. या कायद्यासाठी नेमलेला दक्षता अधिकारी निदान पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो.