पिकअपमागे फिरते घर : ओढणे सोपे, पेलणे अवघड

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की खानदेशातील व्यापारी कुटुंबांत तीर्थयात्रेचे बेत ठरू लागतात. जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, नवापूर या वाटेने सुरतेकडे व तेथून पुढे पालिताण्यास जाण्याचा विचार होतो. सवड थोडी असेल तर बळसाणे, मांगी-तुंगी किंवा नाशिकजवळचे गजपंथा. दिवस ठरतात, गाडी ठरते आणि मग घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचा नेहमीचा प्रश्न येतो : वाटेत जेवणाचे काय? तीर्थावर भोजनशाळा असते, धर्मशाळाही असते. अडचण असते ती मधल्या शेकडो किलोमीटरांची. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळून उकळलेले पाणी आणि कंदमूळविरहित स्वयंपाक महामार्गावरील ढाब्यावर मागून मिळत नाही. घरचे डबे पहिल्या दिवसापुरते पुरतात. उन्हाळ्यात तर दुपारपर्यंतच.

या अडचणीवर उपाय म्हणून चाकांवरच्या घराची कल्पना अनेकांना मोहविते. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून या विषयाची चर्चाही वाढली आहे. अशी वाहने दोन प्रकारची असतात. एकात इंजिन व निवास एकाच सांगाड्यावर असतात. दुसऱ्यात निवासाचा भाग स्वतंत्र ट्रेलरवर असतो व तो दुसऱ्या गाडीने ओढून न्यावा लागतो. ट्रेलर मुक्कामी सोडून गाडी गावात नेता येते, ही या दुसऱ्या प्रकाराची मोठी सोय. म्हणूनच दारात मध्यम आकाराची पिकअप असलेल्या घरात सहज विचार येतो की, एवढी दणकट गाडी आहे, मग मागे ट्रेलर का जोडू नये?

कोणती पिकअप?

खानदेशात ‘पिकअप’ म्हटले की बाजार समितीच्या आवारात उभी असणारी मालवाहू गाडीच प्रथम आठवते. केळी, डाळी, मिरची यांची वाहतूक करणारी ही गाडी ओझ्याला कणखर असते. परंतु तिच्या केबिनमध्ये चालकाखेरीज एक-दोघांचीच सोय असते आणि मागच्या हौद्यात माणसे बसविण्यास कायद्याची परवानगी नाही. चालत्या ट्रेलरमध्ये कुटुंबास बसविणे तर जिवाशी खेळणेच ठरेल. सारांश, दुकानाची मालवाहू पिकअप कौटुंबिक यात्रेसाठी आरंभीच बाद होते.

उरते ती दोन रांगांची, पाच माणसांची पिकअप. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा 2022 साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स ही तिची परिचित उदाहरणे. याच जातीच्या गाड्या ऑस्ट्रेलियात व युरोपात ट्रेलर ओढण्यासाठी सर्रास वापरल्या जातात आणि तेथे काही नमुन्यांना 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा असते. हा आकडा ऐकून येथील मालकाचा उत्साह वाढतो. परंतु तो आकडा त्या देशातील नमुन्याचा, तेथील जोडणीचा आणि स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचा असतो. भारतात घेतलेल्या गाडीसाठी तिच्यासोबत आलेल्या पुस्तिकेतील व कंपनीने लेखी कळविलेला आकडाच प्रमाण मानावा. पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची परवानगीच दिलेली नसेल, तर पुढचा सारा हिशेब तेथेच मिटतो.

बैलगाडीचा जुना धडा

कापसाने भरलेली बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ट्रेलरचे शास्त्र निम्मे ठाऊक असते. माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला हिसके बसतात. माल फार पुढे भरला की सारे ओझे बैलांच्या खांद्यावर येते. म्हणून जाणता गाडीवान आसाच्या किंचित पुढे भार ठेवून गाडी भरतो. जूवर थोडे ओझे हवे, पण ते फार होता कामा नये.

ट्रेलरचेही तसेच आहे. ट्रेलरच्या दांडीचा जो भार पिकअपच्या मागील हुकावर खाली पडतो, तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के असावा, असा निवासी ट्रेलरबाबतचा एक प्रचलित दंडक आहे. तो फारच कमी झाला की वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागतो आणि ते हेलकावे पुढच्या गाडीलाही रस्त्यावरून खेचू शकतात. शेजारून भरधाव बस गेली किंवा वाऱ्याचा झोत आडवा आला, एवढे निमित्तही मग पुरते. अशा वेळी जोराने ब्रेक दाबणे हीच मोठी चूक ठरते. सुकाणू सरळ धरून पाय हलकेच उचलावा व वेग आपोआप उतरू द्यावा.

आता हुकावरचा हा भार पिकअपच्या खात्यात जमा होतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. इंजिन किती ओढील याची चौकशी सगळे करतात. गाडी पाठीवर किती पेलील, हे कोणी विचारीत नाही. मध्यम पिकअपची खरी मर्यादा बहुधा येथेच असते.

एक हिशेब

समजा, रिकाम्या पिकअपचे वजन 2,000 किलो आहे आणि सर्व भारासह अनुज्ञेय वजन 2,600 किलो. म्हणजे पेलण्यास 600 किलो शिल्लक. पाच प्रौढ माणसांचे 350 किलो, हौद्यातील सामानाचे 100 किलो आणि हुक व त्याच्या सांगाड्याचे 30 किलो धरले, तर 480 किलो खर्ची पडले. उरले 120 किलो.

मागील ट्रेलर भरल्यावर 1,500 किलोचा असेल, तर हुकावर कमीत कमी 150 किलो भार येईल. म्हणजे इंजिन ट्रेलर सहज ओढत असतानाही गाडी 30 किलोंनी जास्त भरलेली असेल. 15 टक्के भार धरला तर 105 किलोंनी. भर म्हणजे हा भार मागच्या आसाच्याही मागे पडतो. त्यामुळे मागची चाके दबतात, पुढची हलकी होतात आणि सुकाणूची पकड सैल पडते.

येथे एक मोह होतो. हुकावरचा भार कमी करण्यासाठी ट्रेलरमधील सामान मागे सरकविले की पिकअपची मागची बाजू वर येते आणि सारे ठीक दिसू लागते. परंतु ही गाडी उलार केल्यासारखेच झाले. कागदावरचे 30 किलो वाचविण्यासाठी महामार्गावरील हेलकावे विकत घेतले, असा हा सौदा होतो. खरा उपाय दोनच : ट्रेलर लहान घ्यावा किंवा माणसे व सामान कमी करावे. भरून 1,000 किलोच्या आत राहणारा ट्रेलर असेल, तर हुकावरचा भार 100 ते 120 किलोंत बसविता येतो. चारच माणसे गेली तर थोडी मोकळीकही मिळते.

ट्रेलरमधील सामान वाढत कसे जाते, हे गृहिणी उत्तम जाणतात. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. घरगुती भरलेला सिलिंडर सुमारे 30 किलोंचा. पीठ, डाळी, तांदूळ, स्टीलची पातेली, गाद्या, पंखा, औषधांची पेटी. विकताना सांगितले जाते ते रिकाम्या ट्रेलरचे वजन. यात्रा निघते ती भरलेल्या ट्रेलरने. पाणी मुक्कामाजवळ भरावे, जड वस्तू खाली व आसाच्या आसपास बांधाव्यात आणि चालत्या वाटेवर गॅसची टाकी पूर्ण बंद ठेवावी.

भुईकाट्याची साक्ष

व्यापारी कुटुंबास या हिशेबाची पडताळणी करणे अवघड नाही. मालाचे वजन काट्यावर झाल्याखेरीज तो व्यवहार करीत नाही; तोच नियम यात्रेला लावावा. सर्व माणसे व सामान घेऊन एकट्या पिकअपचे वजन भुईकाट्यावर करावे. मग ट्रेलर जोडून, पिकअपची चारही चाके काट्यावर व ट्रेलरची बाहेर ठेवून दुसरे वजन घ्यावे. दोन्हींतील फरक म्हणजे हुकावरचा भार. दुसरे वजन हेच पिकअपचे खरे वजन. ते अनुज्ञेय मर्यादेच्या आत हवे. शेवटी फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घ्यावीत. त्या आकड्यात हुकावरचा भार मिळविला की ट्रेलरचे पूर्ण वजन मिळते. तीन पावत्या हाती आल्या की तर्काला जागा उरत नाही.

घाट आणि ऊन

धुळ्याहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो, नाशिककडे वळताना लळिंगचा आणि इंदूरकडे जाताना बिजासनचा. चढ इंजिनाची परीक्षा पाहतो, उतार ब्रेकची. चढावर कमी पडलेल्या गाडीचा वेळ जातो. उतारावर कमी पडलेल्या गाडीतील माणसे धोक्यात येतात. युरोपात 750 किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे, त्यामागचे कारण हेच. येथेही ब्रेक नसलेला निवासी ट्रेलर घेऊ नये. उतारावर आरंभापासून खालचा गिअर ठेवावा. सतत ब्रेक दाबून धरल्यास ते तापून निकामी होतात. ब्रिटनमध्ये ट्रेलर जोडलेल्या मोटारीस साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी 50 मैल, म्हणजे सुमारे 80 किलोमीटर, ही कमाल मर्यादा आहे. खानदेशातील रस्त्यांवर ट्रॅक्टर, दुचाक्या व गुरे यांचा वावर पाहता त्याहून कमी वेग शहाणपणाचा.

जळगावचा मे महिना 45 अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात उंच ट्रेलर ओढताना इंजिन व गिअरबॉक्स लवकर तापतात, इंधनही बरेच अधिक लागते. पहाटे निघून दुपारी विसावा घ्यावा. रात्रीचा प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांना हे वेळापत्रक परके नाही.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष नको. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. मर्यादेपेक्षा जास्त वजन भरल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर दंडाची सुरुवातच 20,000 रुपयांपासून होते. हुक बसविण्यापूर्वी जळगाव वा धुळ्याच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. चालकाच्या परवान्याचीही खातरजमा तेथेच होईल.

निष्कर्ष काय?

मध्यम पिकअप फिरते घर ओढण्यास योग्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर सशर्त होकाराचे आहे. एका आसाचा, हलका, ब्रेक असलेला ट्रेलर, चार माणसांचे कुटुंब, काट्यावर तपासलेले वजन आणि संयमी चालक असेल तर ती योग्य आहे. दोन आसांचे प्रशस्त घर, सहा-सात माणसांची हौस आणि आठवड्याभराचे स्वयंपाकघर एकाच पिकअपच्या पाठीवर टाकायचे असेल, तर ती योग्य नाही. मग भाड्याची मोटार-कॅराव्हॅन किंवा सरळ दोन गाड्या बऱ्या. वर्षातून पंधरा दिवसांसाठी एवढे भांडवल अडकवावे का, हाही हिशेब घरोघरी व्हावा. विकत घेण्यापूर्वी एकदा भाड्याने नेऊन पाहणे केव्हाही स्वस्त पडते.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने अतिभारारोपण गणले आहे : मुक्या जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे. यंत्राला वेदना नसते, म्हणून तो शब्द गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु घाटात ताबा सुटलेल्या गाडीपुढे जे सापडतात, ती यंत्रे नसतात. त्यात स्वतःचे कुटुंब असते, समोरून येणारे कोणा दुसऱ्याचे कुटुंब असते आणि रस्त्याच्या कडेने पायी विहार करणारे साधू-साध्वीही असू शकतात.

म्हणून पहिलीच फेरी पालिताण्याची करू नये. ट्रेलर मोकळ्या मैदानात मागे घेण्याचा सराव आधी करावा, मग बळसाण्यापर्यंत जाऊन यावे. दुपारचा स्वयंपाक ट्रेलरमध्ये व्हावा आणि सूर्य मावळण्यापूर्वी घर गाठावे. त्या एका दिवसात गाडी, चालक आणि स्वयंपाकघर यांपैकी कोण कोठे कमी पडते, हे सर्वांनाच कळून येईल.