उत्तर माहीत असलेला प्रश्न

पिपेट हातात धरून वर्षं काढलेल्या माणसाला टर्मिनलची काळी खिडकी परकी वाटते. जेलवर निदान पट्टा तरी दिसतो, इथे सगळी अक्षरंच. म्हणून संगणकावर काम शिकायला बसलो तेव्हा जीन ओळखीचा घेतला: बीटा ग्लोबिन, म्हणजे एचबीबी. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलवर काम करणाऱ्यांना तो तोंडपाठ असतो. सहावा कोडॉन जीएजी. त्यातल्या ए-च्या जागी टी आला की ग्लुटामिक ॲसिड जाऊन व्हॅलिन येतं. डीडीई-वन हे एन्झाइम निरोगी जीनला नेमकं तिथे कापतं, सिकलच्या जीनला त्या जागी कापत नाही. बेंचवर पडताळलेली ही गोष्ट आता संगणकाकडून वदवून घ्यायची होती.

एनसीबीआयच्या साइटवरून एचबीबीच्या एमआरएनएची फास्टा फाइल उतरवली. पहिल्या ओळीत '>' आणि नाव, खाली सत्तर-सत्तर अक्षरांच्या ओळी. ग्रेप कमांडला सांगितलं, 'सीसीटी जीएजी जीएजी' सलग शोध. उत्तर काहीच नाही. फाइल डोळ्यांनी वाचली, तेव्हा उलगडा झाला. प्रोटीनची सुरुवात करणारा एटीजी ५१व्या अक्षरावर आहे, त्यामुळे आपला कोडॉन ६९ ते ७१ या जागांवर येतो. जी आणि ए पहिल्या ओळीच्या टोकाला, उरलेला जी दुसऱ्या ओळीत. ग्रेप एकेक ओळ स्वतंत्र वाचतो. सगळ्या ओळी जोडल्या की तोच शोध लगेच लागतो.

मग मोजणी. 'सहावा' हा जुना हिशेब, कारण सुरुवातीचं मेथिओनिन पेशीत कापून टाकलं जातं. आजच्या नियमानुसार ते धरतात, म्हणून अहवालात सातवा लिहितात. पायथन शून्यापासून मोजतो, तेव्हा त्याच्या लेखी तो पुन्हा ६. 'सातवा' म्हणून ७ टाकला तर शेजारचं अमिनो ॲसिड मिळतं, आणि तेही ग्लुटामिक ॲसिडच, कोडॉनही जीएजीच! मोजणी एका घराने चुकते आणि पडद्यावर सगळं ठीक दिसतं.

तिसरी गोष्ट दिशेची. जीनोम ब्राउझरमध्ये ११व्या क्रोमोसोमवर हीच जागा उघडली की ए-चा टी झालेला दिसत नाही, टी-चा ए दिसतो. एचबीबी उलट स्ट्रँडवर आहे आणि ब्राउझर संदर्भ-जीनोमची सुलट बाजू दाखवतो. त्यामुळे जीएजीचा तिथे सीटीसी होतो, आणि सिकलमध्ये सीएसी.

तिन्ही ठिकाणी संगणकाने विचारलं तेवढंच चोख सांगितलं. ओळ कुठे तुटते, मोजणी कुठून सुरू होते, वाचन कुठल्या बाजूने चाललंय, हे विचारणाऱ्यालाच ठाऊक हवं. उत्तर आधीपासून माहीत होतं म्हणून या फटी दिसल्या. अनोळखी जीन असता तर रिकामं उत्तर 'आढळला नाही' म्हणून वहीत गेलं असतं.

पीसीआरमध्ये डीएनए न घातलेली एक नळी आणि खात्रीच्या नमुन्याची एक नळी ठेवल्याशिवाय कुणी निकाल मानत नाही. तीच शिस्त इथेही लागते. नवी स्क्रिप्ट लिहिली की आधी तिच्यातून एचबीबी चालवायचा. ब्लास्टमध्ये खऱ्या सिक्वेन्ससोबत तीच अक्षरं पिसून केलेला सिक्वेन्सही टाकायचा आणि त्यालाही दमदार जुळणी मिळते का, ते बघायचं. रुग्णांचा डेटा त्यानंतरच उघडायचा.